मॉरिशस: 'छोटा भारत' म्हणण्याआधी थोडं थांबा

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग माझ्याच एका चुकीच्या दुरुस्तीने सुरू करतोय.

काही भागांपूर्वी मी बोलता बोलता मॉरिशसला 'छोटा भारत' म्हणून मोकळा झालो होतो. माझ्या टीममध्ये एक मॉरिशसची मुलगी आहे, टेस्टिंग बघते. तिला मराठी येत नाही, पण आपल्या देशाचं नाव पॉडकास्टमध्ये आलं हे कळल्यावर तिने साहजिकच विचारलं, काय म्हणालास? मी मोठ्या हौसेने सांगितलं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "मग माझी आई कुठे बसते यात?"

तिचे वडील मराठी वंशाचे, पूर्वज कोकणातून गेलेले. आई क्रिओल, म्हणजे आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशातली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर प्रश्नही नीट कळला नव्हता. म्हणून वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की हाच प्रश्न त्या देशाच्या राज्यघटनेतही अडकून पडलाय. आज तेच समजून घेऊ.

आधी नकाशा

आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर, आणि त्याच्याही पूर्वेला साधारण ८०० ते ९०० किलोमीटरवर हिंदी महासागरात मॉरिशसचं बेट. ज्वालामुखीतून तयार झालेलं, भोवती प्रवाळाची भिंत, त्यामुळे किनाऱ्याला लागून शांत, उथळ पाणी. जाहिरातीत दिसतं ते हेच. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एकट्या नाशिक शहरात याहून जास्त लोक राहतात. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे आमची अकराची मीटिंग तिच्यासाठी साडेनऊची असते.

याशिवाय पूर्वेला जवळपास ६०० किलोमीटरवर रॉड्रिग्ज हे छोटं बेट आहे. २००२ पासून त्याची स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. आणि मग चागोस. स्वातंत्र्य देण्याआधी १९६५ मध्ये ब्रिटनने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून स्वतःकडे ठेवला. तिथल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला आणि चागोसच्या सगळ्या रहिवाशांना बेटं सोडायला लावली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदा असल्याचं मत दिलं. मे २०२५ मध्ये सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या, तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहणार असं ठरलं. 'आम्हाला कोणी विचारलं का?' हा चागोसवासीयांचा सवाल त्यानंतरही संपलेला नाही. तो पूर्ण वेगळा भाग होईल, म्हणून इथेच थांबतो.

मूळ रहिवासी कोण? कोणीच नाही

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो इथे. या बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच! होता तो डोडो पक्षी. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं. १६३८ मध्ये वसाहत केली, जावाहून ऊस आणला, आणि १७१० मध्ये गाशा गुंडाळून निघून गेले. तोवर डोडो संपला होता.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं. पोर्ट लुई हे बंदर उभं केलं, ऊसमळे वाढवले, आणि या सगळ्यासाठी पूर्व आफ्रिका आणि मादागास्करमधून माणसं गुलाम म्हणून आणली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच मळेवाल्यांना अभय दिलं: तुमच्या जमिनी, तुमचा कायदा, तुमची भाषा, तुमचा धर्म तुमच्याकडेच. म्हणूनच आजही तिथल्या संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये आहेत, आणि घरी मात्र जवळपास सगळे क्रिओल बोलतात. ही क्रिओल गुलामांनी आणि मालकांनी एकमेकांशी बोलताना घडलेली भाषा. आज ती हिंदू घरातही बोलतात, मुसलमान घरातही आणि चिनी वंशाच्या घरातही. गंमत म्हणजे या सगळ्यांच्या मातृभाषेला प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय व्हायला २०१२ साल उजाडावं लागलं.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. जवळपास ६६ हजार माणसं मुक्त झाली. ब्रिटिश सरकारने त्यासाठी सुमारे २० लाख पौंड भरपाई दिली. कोणाला? मालकांना. मुक्त झालेल्यांना काहीच नाही, ना जमीन, ना पैसा.

मळेवाल्यांना आता नवे हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' जहाजातून ३६ भारतीय मजूर उतरले. ब्रिटिशांनी या योजनेला 'महान प्रयोग' म्हटलं. गुलाम नको, तर ठरावीक वर्षांचा करार केलेला मजूर आणायचा. हेच आपण ज्यांना गिरमिटिये म्हणतो ते लोक. पुढच्या काही दशकांत साधारण साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. बहुतेक बिहारच्या भोजपुरी पट्ट्यातून, काही मद्रासकडून, आणि मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी व कोकणातले मराठी लोक.

एक नंबर आणि एक रिकामी जागा

बंदरात उतरल्यावर प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळायचा. आमच्या भाषेत प्रायमरी की. त्याच्यापुढे नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, जात, गाव. पुढे पुढे फोटोसुद्धा. ही दप्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत, आणि तो क्रमांक धरून लोक आपलं भारतातलं गाव शोधतात. माझ्या सहकारी मुलीच्या वडिलांकडे त्यांच्या पूर्वजाच्या नोंदीची प्रत आहे. तिने मला फोनवर फोटो दाखवला. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलेलं. ते कोकणातलं नक्की कुठलं गाव, यावर आम्ही दोघांनी अर्धा तास घालवला. आमचं एकमत झालं नाही, पण मजा आली.

मग मी सहज विचारलं, "आणि आईकडचं?"

गुलामांच्याही याद्या होत्या, पण त्या मालमत्तेच्या याद्या. नाव मालकाने ठेवलेलं. मूळ ठिकाण म्हणून बऱ्याचदा नुसतं 'मोझांबिक' किंवा 'मादागास्कर'. गाव नाही, खरं नाव नाही, परत शोधत जायला रस्ता नाही. एका घरात वडिलांकडे क्रमांक आहे आणि आईकडे रिकामी जागा. मी 'छोटा भारत' म्हणालो तेव्हा ती रिकामी जागा मी आणखी थोडी पुसली होती, एवढं मला तेव्हा कळलं.

देशाने मात्र दोन्ही आठवणी जपल्यात. मजूर जिथे उतरायचे ते पोर्ट लुईचं आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या प्रसिद्ध आहेत. पळून गेलेले गुलाम जिथे लपायचे तो ल मॉर्न डोंगर २००८ मध्ये यादीत आला. लोक असं सांगतात की गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा पकडायलाच आलेत असं समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, दोन्ही दिवशी देशभर सुट्टी असते.

आणि हो, गणपतीचीही सार्वजनिक सुट्टी असते! ती आपल्या गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, विसर्जनाला. आपण उकडीचे मोदक पचवत लॅपटॉप उघडतो तेव्हा टीमच्या कॅलेंडरवर तिच्या नावापुढे सुट्टी. तिथले मराठी लोक गणपतीत झाकरी नाचतात, आपल्या कोकणातल्या जाखडीचीच बहीण. मराठी वंशाचे लोक देशात अगदी थोडे आहेत, पण शाळेत मराठी विषय म्हणून शिकता येते.

१९६८: सगळ्यांना सगळ्यांची भीती

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. १९६० च्या दशकातला मॉरिशस डोळ्यासमोर आणा. मलेरिया आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या झपाट्याने वाढतेय. निर्यातीत जवळजवळ फक्त साखर. वर्षातून एखादं चक्रीवादळ आलं की तीही आडवी. १९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने अहवाल दिला: शांततेने विकास होण्याची शक्यता कमीच. याच मीडना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं, म्हणजे माणूस कच्चा नव्हता.

त्यात राजकारण. हिंदू निम्म्याच्या आसपास. बाकीच्यांना वाटायचं, इंग्रज गेले की हिंदूंचं राज्य येणार. ऑगस्ट १९६७ ची निवडणूक स्वातंत्र्याच्या प्रश्नावर झाली आणि सुमारे ४४ टक्के मतं विरोधी पक्षाला गेली. विचार करा, जवळपास निम्म्या लोकांना स्वातंत्र्याची धास्ती होती! जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांमध्ये दंगल पेटली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. आणि त्यानंतर दोन महिन्यांत, १२ मार्च १९६८ ला, देश स्वतंत्र झाला. सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान.

अशा वेळी अल्पसंख्यांना विश्वास कसा द्यायचा? त्यासाठी घटनेत एक यंत्रणा बसवली. तिला तिथे 'बेस्ट लूझर' म्हणतात. म्हणजे 'हरलेल्यांतले सर्वोत्तम'.

ती अशी चालते. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ खासदार. रॉड्रिग्जमधून २. एकूण ६२. निकाल लागला की निवडणूक आयोग बघतो, कुठल्या समाजाला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या. मग त्या समाजातल्या, हरलेल्या पण चांगली मतं मिळवलेल्या उमेदवारांना जास्तीत जास्त ८ जागा दिल्या जातात. पहिल्या चार देताना पक्ष बघत नाहीत, पुढच्या चार देताना पक्षांचा तोलही राखायचा असतो.

यासाठी अर्थातच कोण कुठल्या समाजाचा हे माहीत हवं. म्हणून उमेदवाराने अर्जावर चारपैकी एक समाज लिहायचा: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन किंवा 'सर्वसाधारण लोकसंख्या'. या चौथ्याची व्याख्या ऐका: राहणीमानावरून जो पहिल्या तिघांपैकी कशातच बसत नाही, तो. म्हणजे क्रिओल लोक आणि त्यांच्या पूर्वजांना राबवणारे गोरे फ्रेंच मळेवाले एकाच खान्यात! आम्ही कोड लिहितो तेव्हा बाकी सगळ्या केस हाताळून झाल्यावर शेवटी एक 'एल्स' टाकतो. माझ्या सहकाऱ्याच्या आईचं घटनेतलं उत्तर तेच: 'एल्स'.

पॅच चालला, हेही खरं

लगेच हसू नका. ही यंत्रणा चालली. मॉरिशसमध्ये १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन वेळा मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा एकाच आघाडीने जिंकल्या. तिन्ही वेळा मुख्य बेटावरचा विरोधी पक्ष संसदेत दिसला तो फक्त या 'हरलेल्यांच्या' जागांमुळे. सरकारं बदलली ती मतपेटीतून. देशाला सैन्य नाही, पोलिसांचंच एक निमलष्करी दल आहे. १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाले, राष्ट्रपती नाममात्र, पण शेवटचं अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं.

आणि पैसा? मीडचं भाकीत खोटं ठरलं. १९७० मध्ये निर्यातीसाठीच्या कारखान्यांना खास सवलती देणारा कायदा आला. चिनी-मॉरिशियन लोकांच्या ओळखीने हाँगकाँगचं भांडवल आलं, कापडाचे कारखाने निघाले, हजारो बायका पहिल्यांदा पगारी कामावर गेल्या. १९७५ पासून युरोपने साखरेला बाजारभावापेक्षा चांगली हमी दिली. मग पर्यटन. १९७७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं. मग बँका आणि परदेशी गुंतवणुकीचा धंदा. भारताशी झालेल्या करकरारामुळे कित्येक वर्षं भारतात येणारी परकीय गुंतवणूक कागदोपत्री सर्वात जास्त या चिमुकल्या बेटावरून यायची. २०१६ मध्ये भारताने तो करार बदलून घेतला. आता एबेनची सायबरसिटी आहे. आमच्या टीमची मुलगी तिथेच बसते.

पण कापड, हॉटेलं, बँका या वाढीत सगळे सारखे वर आले नाहीत. जमीन बरीचशी जुन्या फ्रेंच घराण्यांकडेच राहिली. सरकारी नोकऱ्या आणि सत्ता मुख्यतः हिंदूंकडे. आजवरच्या पाच पंतप्रधानांपैकी चार रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घरांतले पिता-पुत्र, पाचवे पॉल बेरंजे फ्रेंच वंशाचे. क्रिओल कुठेच नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला, तेव्हा ही साठलेली खदखद रस्त्यावर आली. काही दिवस देश पेटला होता. माझी सहकारी तेव्हा अगदी लहान होती. तिला आठवतं ते एवढंच, की वडिलांकडचे नातेवाईक आईला म्हणत होते, तू काही दिवस बाहेर पडू नकोस.

१९७२ मध्ये अडकलेला डेटा

आता माझ्यातल्या इंजिनिअरला झोप लागू न देणारी गोष्ट. जागा वाटायला समाजनिहाय लोकसंख्या लागते ना? ती शेवटची मोजली १९७२ मध्ये. लोकांना खान्यांत मोजणं नको म्हणून नंतरच्या जनगणनेतून तो प्रश्नच काढून टाकला. छान केलं. पण यंत्रणा काढली नाही! १९८२ मध्ये घटनेत दुरुस्ती करून ठरवलं, की हिशोबाला १९७२ चेच आकडे वापरायचे. म्हणजे माझ्या जन्माच्याही कितीतरी आधीचा डेटा हार्डकोड करून ठेवलाय, आणि आजही त्यावर खासदार ठरतात.

काही लोकांनी हे नाकारलं. 'रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव्ह' या चळवळीच्या उमेदवारांनी २००५ मध्ये समाज लिहायला नकार दिला. अर्ज बाद. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. २०१९ मध्ये पुन्हा जुना नियम, पुन्हा अर्ज बाद.

मग काढत का नाहीत? कारण भीती खरी आहे. मुसलमान आणि छोट्या समाजांना वाटतं, ही हमी गेली तर आम्हाला उमेदवारी कोण देणार? आकडे ताजे करायचे तर पुन्हा माणसं खान्यांत मोजावी लागतील, आणि ते कोणालाच नकोय. आमच्याकडेही असा एखादा जुना पॅच असतो. लिहिणारा केव्हाच गेलेला, कोणाला आवडत नाही, पण काढला तर काय कोसळेल हे माहीत नसल्यामुळे सगळे त्याच्या बाजूने चालतात. फरक एवढाच की आमच्या पॅचमध्ये कोणाची आई नसते.

मी तिला विचारलं, तू उभी राहिलीस तर काय लिहिशील? ती म्हणाली, "कायदा म्हणतो राहणीमानावरून ठरवा. मी गणपतीला आजीकडे जाते, नाताळला नानीकडे. घरी क्रिओल बोलते, रस्त्यावर दालपुरी खाते. तूच सांग." वाद झाला तर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ठरवतो, उमेदवार कुठल्या समाजाचा ते.

उसाची पानं

शेवटी एक प्रसंग. जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' नावाचं जपानी मालकीचं जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल गळू लागलं. हजारभर टन तेल त्या शांत पाण्यात. सरकारची वाट न बघता लोक किनाऱ्यावर धावले. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाची वाळलेली पानं भरली, बाटल्या बांधल्या आणि तेल अडवायला समुद्रात तरंगत्या भिंती सोडल्या. ती आणि तिची आई दोन दिवस पानं भरत बसल्या होत्या. शेजारी कोण होतं, कुठल्या खान्यातलं, तिला आठवत नाही. हात काळे झाले होते आणि वास आठवडाभर गेला नाही, एवढं आठवतं.

ज्या उसासाठी तिच्या दोन्हीकडच्या पूर्वजांना जहाजात भरून आणलं, त्याच उसाची पानं. हे मी तिला म्हणालो, तर ती म्हणाली, "तेव्हा कोण एवढा विचार करतंय. पानं फुकट होती."

तर मंडळी, 'छोटा भारत' हा शब्द मी मागे घेतोय. जुन्या भागाच्या वर्णनात तशी दुरुस्तीही टाकली आहे. हा भाग प्रसिद्ध करण्याआधी मी तिला सगळा इंग्रजीत सांगितला. तिने दोन तारखा सुधारल्या आणि आईविषयीचं राहू दे म्हणाली. पुढच्या भागात चागोस. तोवर काळजी घ्या, भेटूच.